कोळी खाद्यपरंपरा, मुंबईची

मुंबईच्या सात बेटांवरील आद्य रहिवासी मानल्या जाणाऱ्या कोळी समाजाची, समुद्र आणि खाडी यांतील मासळीवर उभी राहिलेली खाद्यपरंपरा. वरळी, माहीम, कुलाबा, वर्सोवा, मढ, ट्रॉम्बे येथील कोळीवाड्यांत ती आजही रोजच्या जेवणात टिकून आहे.

उपाहारगृहांमुळे सुरमई आणि पापलेट म्हणजेच कोळी जेवण असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. मोठ्या मासळीला बाजारात भाव मिळतो, म्हणून ती विकायची आणि बोंबील, मांदेली, जवळा, निवटी, चिंबोरी घरी रांधायची, या रीतीतूनच येथील चव घडली. कालवणाला वाटणाचा फारसा सोस नसतो. ठेचलेला लसूण तेलात परतून त्यात हळद, मीठ व मसाला लावलेली मासळी आणि चिंचेचा कोळ घालतात, उन्हाळ्यात चिंचेऐवजी कैरी. सोबत तांदळाची भाकरी किंवा भात. कोकणच्या दक्षिण भागातील मासळीच्या आमटीत ओल्या नारळाला जे स्थान आहे, ते येथे मसाल्याला आहे. हा मसाला उन्हाळ्यात वर्षभराचा करून ठेवतात. बेडगी, संकेश्वरी अशा मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री इत्यादी जिन्नस कडक उन्हात वाळवून, भाजून डंकावर कुटून घेतात आणि प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते.

या परंपरेचे खरे कसब मात्र सुक्या मासळीत दिसते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा मोठ्या प्रमाणावर सापडतात, आणि बोंबलात पाण्याचा अंश इतका असतो की तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या मांडवांवरील दोऱ्यांवर, बहुधा मिठाशिवाय, नुसत्या ऊन-वाऱ्यावर वाळवतात. जवळ्याची सुकट होते, सोललेल्या कोळंबीचे सोडे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ही बेगमी उपयोगी पडते: वांगी-बटाट्यात सोडे, कांद्यावर परतलेली सुकट, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाला आरंभ होतो. एरवी कालवणात हात राखून वापरला जाणारा नारळ त्या दिवशी नारळीभात आणि करंज्यांत सढळ हाताने घातला जातो.