'पिआचेरे' आणि तुमचं इटालियन पत्र: ग्राहकांसाठी माहिती

मिलानो, बोलोन्याला शिकायला निघालेल्यांची पत्रं आणि तिकडच्या व्यापाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार आम्ही इटालियनमध्ये करून देतो. त्यात 'पिआचेरे', म्हणजे 'आवडणे', हे क्रियापद असलं की पत्र हाती पडताच हमखास फोन येतो: "यात 'ईओ' राहिलाय, इटालियनमधला 'मी' कुठे गेला?" काही जण तेवढंही विचारत नाहीत. स्वतःच 'ईओ' घालतात, त्याला जुळवून 'पिआच्चो' करतात आणि मुदतीच्या आदल्या रात्री पत्र तपासायला पाठवतात.

'ईओ पिआच्चो' म्हणजे 'मी लोकांना आवडतो'. प्रवेशअर्जात हे वाचून समोरच्याची करमणूक होईल, तुमचं काम होणार नाही.

'पिआचेरे' आपल्या 'आवडणे'सारखंच चालतं. आवडणारी गोष्ट कर्ता, ज्याला आवडते तो चतुर्थीत. 'मी पिआचे इल काफ्फे', मला कॉफी आवडते. यातला 'मी' म्हणजे 'मला', आणि 'ती' म्हणजे 'तुला'. मराठी कानाला चकवा बसतो तो इथे. स्पागेत्ती तिकडे अनेकवचनी, म्हणून 'मी पिआच्चोनो'. भूतकाळात तर सिनेमा आवडला, भाजी आवडली, तसंच: 'मी ए पिआचूतो इल फिल्म', पण 'मी ए पिआचूता रोमा'. इंग्रजीतून गेलात की घसरलात. म्हणूनच आम्ही कच्चा मजकूर मराठीत मागतो. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे!

अर्जात इच्छा सांगायची तर 'मी पिआचेरेब्बे' (मला आवडेल) शोभतं. 'मी दिस्पिआचे' म्हणजे 'आवडत नाही' असं समजू नका. ते 'वाईट वाटतं, माफ करा' असं आहे. न आवडल्यास 'नोन मी पिआचे'. आणि 'मी पिआची', म्हणजे 'तू मला आवडतेस', हे घरमालकिणीला कृपा करून लिहू नका, घर कितीही आवडलं असलं तरी. ओळख करून दिल्यावर नुसतं 'पिआचेरे!' (भेटून आनंद झाला) म्हटलं की झालं.

पत्रातलं काही खटकलं तर बदलण्याआधी फोन करा, विचारण्याचे पैसे लागत नाहीत. तुम्ही बदललेला मजकूर पुन्हा तपासायचा असल्यास निम्मं शुल्क पडेल, आणि एक दिवस हाताशी ठेवावा लागेल. जाण्याआधी थोडं बोलता यावं असं वाटत असेल तर शनिवारी संध्याकाळी आमचा संभाषणवर्ग असतो. पत्राचं काम दिलेल्यांना त्यात सवलत आहे.