रोहित पक्षी आणि कॅमेऱ्याची नजर

ठाणे खाडीत ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ऐरोलीच्या बाजूने ट्रायपॉड लावून घेतलेला लाँग शॉट, म्हणजे लांबून सगळा थवा टिपणारा शॉट, सुंदरच येतो. तरीही माहितीपट पाहणाऱ्याची नजर थोड्याच सेकंदांत भटकू लागते.

नवं काही समोर आलं की लक्ष आपोआप तिकडे वळतं. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हने याला ‘हे काय आहे?’ प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं होतं. दृश्य बदललं नाही की हा प्रतिसाद ओसरतो. पण मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते डोळ्याचं कामकाज. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो जेमतेम २ अंशांचा भाग, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. म्हणून नजर सेकंदाला साधारण ३ उड्या मारत तुकडे गोळा करते: थवा, त्यातला एक पक्षी, त्याची चोच. काठावर उभ्या माणसाला ती चोच निदान दुर्बिणीतून तरी दिसते. मोबाइलवर पाहिलेल्या लाँग शॉटमध्ये मात्र नजर चोचीवर पोहोचते आणि तिथे चार गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही नसतं. क्लोज-अप हवा तो इथे! रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या गाळणीत शेवाळ अडकतं. हे लांबून कळणारच नाही.

कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाणं, पक्ष्याची मान खाली जात असतानाच करावा. हालचालीच्या ओघात तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कॅमेऱ्याचा कोन मात्र निदान ३० अंशांनी बदलावा. जवळपास तीच चौकट पुन्हा आली तर पक्षीच झटक्यात जागचा सरकल्यासारखा भासतो. दिशाही सांभाळावी लागते. भरती चढली की थवे नेरूळकडच्या पाणथळींत विसाव्याला जातात. एका शॉटमध्ये ते डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे उडाले, तर परत फिरले असंच वाटेल.

म्हणून सतत कट करत सुटावं असंही नाही. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालेली ही खाडी टॉवरांच्या किती जवळ आहे, हे लाँग शॉटच सांगू शकतो. चढतं पाणी चिखल गिळत थव्याला हळूहळू मागे सरकवतं, तेव्हा कॅमेरा हलवू नये आणि कटही करू नये. तिथे चौकटीत क्षणोक्षणी बदल घडतच असतो.