गॅस गीझर, घरगुती (सोलापूर)

नळाचे वाहते पाणी द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या (एलपीजी) ज्योतीवर लगोलग तापवून देणारे, भिंतीवर टांगायचे उपकरण. पाणी साठवून तापवणाऱ्या विजेच्या गीझरहून याची रचना वेगळी असते. सोलापुरात जानेवारीतले सरासरी किमान तापमान साधारण १५ ते १७ अंश से. एवढेच उतरत असल्याने खोली तापवण्याची गरज येथे पडत नाही. चुलीखेरीज घरात दुसरा विस्तव असे तो आंघोळीच्या पाण्यासाठी, तांब्याच्या बंबात. त्यात तुराट्या, बाभळीचे जळण, करवंट्या घालीत. धूर डोळ्यांना झोंबत असल्याने बंब सहसा अंगणात वा परसात पेटवीत. गॅसच्या ज्योतीला दिसणारा धूर नाही, म्हणून हाच विस्तव न्हाणीघराच्या आत आला. या उपकरणाच्या बहुतेक धोक्यांचे मूळ तेथेच आहे.

उपकरणाच्या जनकत्वाबद्दल संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. इंग्रजी ग्रंथ बेंजामिन वॉडी मॉन या लंडनच्या कारागिराकडे श्रेय देतात. त्याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले व त्याला ‘गीझर’ नाव दिले. मात्र त्यात जळालेला वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. अमेरिकी परंपरा पिट्सबर्ग येथील नॉर्वेजियन अभियंता एडविन रूड याला मान देते (१८८९). त्याचे वैशिष्ट्य आपोआप चालू-बंद होणे हे. जर्मन लेखक डेसाऊच्या ह्यूगो युंकर्सचे नाव पुढे करतात. वायूची उष्णता मोजण्यासाठी त्याने बनवलेल्या उष्णतामापकातून १८९० नंतरच्या दशकात त्याचा स्नानगृहातील तापक निघाला. कसोटी कोणती लावायची यावर निवाडा अवलंबून आहे. नावाच्या व विक्रीच्या दृष्टीने मॉन पहिला ठरतो. परंतु आज भिंतीवर दिसणाऱ्या गीझरमध्ये पाणी बंद नळीतून फिरते व ज्योतीची उष्णता तांब्याच्या पात्यांतून त्याला मिळते. ही मांडणी बहुधा युंकर्सच्या यंत्राला अधिक जवळची आहे. मॉनच्या यंत्रातली उणीव, म्हणजे धुराला वाट नसणे, आजच्या स्वस्त, बिननळीच्या गीझरांतही कायम आहे.

नळ उघडताच पाण्याच्या दाबाने झडपेतील रबरी पडदा उचलला जातो. तो गॅसची झडप उघडतो, आणि त्याच वेळी दोन मोठ्या सेलच्या विजेवर ठिणगी पडते. ज्योत लागल्याची खूण संवेदकाला न मिळाल्यास विद्युतचुंबकी झडप गॅस बंद करते. पाणी थांबले की दाब सरतो आणि ज्योत विझते. साहजिकच सगळे काही दाबावर अवलंबून राहते. कमी दाबाच्या गीझरलाही साधारण २ ते २.५ मीटर पाण्याची उंची लागते. सोलापूर शहरात उजनी, टाकळी व हिप्परगा येथील पाणी येते. गेली अनेक वर्षे बहुतेक भागांत ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून आंघोळ गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने होते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर टाकीच्या लगेच खाली असल्यास ही उंची भरत नाही आणि गीझर पेटत नाही किंवा पेटून विझतो. अशा वेळी झडपेतला पडदा वा स्प्रिंग ‘सैल’ करून देण्याची पद्धत कारागिरांत आहे. ती टाळावी, कारण पाणी फार कमी असताना ज्योत चालू राहिल्यास नळी कोरडी तापते. टाकी उंच करणे किंवा दाबाचा लहान पंप बसवणे हाच खरा उपाय आहे.

हवेचा हिशेब मात्र ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला जवळजवळ १ किग्रॅ. गॅस जाळतो. १ किग्रॅ. गॅस पूर्ण जळण्यास १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा ५.४ घनमीटरच्या आसपास असते. खिडकी लावून दहा मिनिटे गीझर चालवला, तर तेथील सुमारे चाळीस टक्के हवेतला ऑक्सिजन खर्ची पडतो. तो इतका उतरण्याच्या कितीतरी आधीच ज्वलन अपुरे होऊ लागते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मिसळलेला मर्कॅप्टनचा दर्प ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो, हे विषबाधेचे कारण. डोके जड होणे, मळमळ, पाय लटपटणे ही लक्षणे दिसतात. बंद दारामागे माणूस कोसळला तर बाहेर कळतही नाही.

अशा रुग्णाला झटके आल्यास निदानात घोटाळा होतो. डोक्यावर गरम पाणी ओतल्याने येणारा अपस्मार कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९६० नंतरच्या दशकापासून के. एस. मणी व इतर मेंदूविकारतज्ज्ञांनी तो नोंदवला आहे. सोलापूर कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे, आणि डोक्यावर तांब्याने कढत पाणी घेण्याची सवय येथेही आहे. त्यामुळे न्हाणीघरातील प्रत्येक झटका या विकारात मोडण्याचा मोह होतो. गेल्या काही दशकांत भारतीय डॉक्टरांच्या लेखनात याच्या उलट मत बळावले आहे. गॅस गीझर असलेल्या घरातील बेशुद्धी व झटके यांना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ म्हणून वेगळे काढावे, असे ते मत सांगते. दोन्ही विकार खरे आहेत. परंतु गीझर आत असेल तर आधी वायूचा संशय धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मोकळ्या जागी बादलीतल्या गरम पाण्यानेही त्रास होत असेल, तर मात्र अपस्माराकडे वळावे. एकामागून एक आंघोळ करणाऱ्यांपैकी नंतरच्यांना किंवा बाहेर थांबलेल्यांनाही डोकेदुखी झाली असेल, तर ती वायूची खूण समजावी. रक्ततपासणी उशिरा झाल्यास निर्णायक ठरत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर येथे फसवतो. त्याला ऑक्सिजनने आणि कार्बन मोनॉक्साइडने बांधलेल्या रक्तातला फरक ओळखता येत नाही, म्हणून आकडा नेहमीसारखा दिसतो.

गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जात वा बाहेरच्या भिंतीवर बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी घेणे ही मांडणी सर्वांत निर्धोक. ते शक्य नसल्यास धुराची नळी थेट बाहेर काढावी आणि दाराच्या खालच्या बाजूला कायमची फट ठेवावी. वर निकासपंखा लावून खाली फट ठेवली नाही, तर पंखा नळीतला जळका वायूच उलटा आत ओढतो. बादली आधी भरून, गीझर बंद करून मग आंघोळीला बसणे ही सवय बिनखर्चाची आहे.

निगेत स्थानिक पाण्याचा भाग मोठा आहे. काळ्या दगडातून येणारे बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील क्षार खडूसारखे होऊन नळीत बसतात. पाणी कोमट येते, वापरणारा गॅस वाढवतो आणि नळी जास्तच तापते. कारागीर लिंबूसत्त्वाचे पाणी नळीतून फिरवून हा थर काढतात. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, हे करून घेतलेले बरे. पूर्व भागातील यंत्रमागांच्या घरांत आणखी एक अडचण येते: सुताची तुसे बर्नरच्या हवेच्या छिद्रांत अडकतात, ज्योत पिवळी पडते व तांब्याच्या पात्यांवर काजळी धरते. काजळीने पात्यांमधली वाट बुजली की जळका वायू वर न जाता समोरून खोलीत पसरतो. ज्योत निळी व स्थिर हवी. पिवळी दिसली तर सफाई होईपर्यंत गीझर वापरू नये. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १५५५८ या मानकाचे चिन्ह पाहावे.

सिलिंडर न्हाणीघरात ठेवू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो मोरीच्या तळाशी साचतो. वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, पंख्यासह विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. कोणी बेशुद्ध सापडल्यास दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणावे, शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावे आणि घरात गॅस गीझर असल्याचे डॉक्टरांना सांगावे. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा होण्यास ४ ते ६ तास लागतात, मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे एक ते दीड तास.