संगमरवरातली घळ आणि तिथे न टिकणारा रस्ता

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, हुआलियन शहराच्या उत्तरेला, आठ क्रमांकाचा महामार्ग समुद्राकडे पाठ फिरवून थेट डोंगरात शिरतो. चिनी धाटणीची एक कमान लागते आणि तारोको राष्ट्रीय उद्यानाचा घळीतला रस्ता सुरू होतो. पुढे साधारण १९ किलोमीटरवर तियानशियांग आहे. सुट्टीत गाडी घेऊन आलेली बरीच कुटुंबं तिथपर्यंत जाऊन मागे फिरायची. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि वळणांनी ज्यांचं पोट ढवळत नाही, ते तसेच पुढे जात आणि कमानीपासून शंभर किलोमीटरच्या आत वूलिंगच्या खिंडीत पोहोचत. तिची उंची ३,२७५ मीटर आहे. हवा दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी गार होते, त्यामुळे सकाळी महासागराच्या काठावर घामाघूम झालेला माणूस दुपारी स्वेटर शोधू लागतो.

हे सगळं मी ‘फिरायची’, ‘पोहोचत’ असं भूतकाळात लिहितो आहे, त्याला कारण आहे. पण त्याआधी डोंगराकडे पाहू.

तैवानची जागाच भांडणाची आहे. फिलिपाइन समुद्राची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, वायव्येकडे सरकत युरेशियाच्या प्लेटला भिडते, आणि तीही वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर या वेगाने. भूगर्भशास्त्रात हा वेग चांगलाच जास्त मानला जातो. बेटाच्या दक्षिणेला युरेशियाची प्लेट पूर्वेकडे खाली जाते. ईशान्येला नेमका उलटा प्रकार आहे. तिथे फिलिपाइन समुद्राची प्लेट उत्तरेकडे खाली घुसते. हुआलियन या दोन उलट्या व्यवहारांच्या कोपऱ्यावर वसलेलं आहे. साठेक लाख वर्षांपूर्वी समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांची एक रांग आशिया खंडाच्या काठावर येऊन आदळू लागली आणि काठावरचे थर चुरगळून वर आले. आजची मध्य पर्वतरांग ही त्याचीच निष्पत्ती आहे.

ही रांग वर्षाला काही मिलिमीटर उचलली जाते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाच मिलिमीटर धरले तरी दहा लाख वर्षांत पाच किलोमीटर होतात. तरीही तैवानचं सर्वांत उंच शिखर, यूशान, ३,९५२ मीटरच्या पुढे गेलेलं नाही. म्हणजे जे वर येतं, ते जवळजवळ त्याच वेगाने झिजून खाली जात असणार.

हा नुसता तर्क नाही, खडकांत त्याची नोंद सापडते. ॲपटाइट नावाच्या खनिजात युरेनियमचे मोजके अणू असतात. ते अधूनमधून फुटतात आणि स्फटिकात सूक्ष्म ओरखडे उमटवतात. खडक खोलवर, सुमारे ११० अंशांहून जास्त तापमानात असेपर्यंत हे ओरखडे बुजत राहतात. तो वर येऊन थंड झाला की ते टिकतात. त्यामुळे ओरखडे मोजले की खडकाने ती तापमानाची रेषा कधी ओलांडली हे कळतं. मध्य रांगेच्या गाभ्यात हे वय अनेक ठिकाणी दहा लाख वर्षांहूनही कमी निघतं. आज पायाखाली असलेला दगड दहा लाख वर्षांपूर्वी काही किलोमीटर खोल होता. अंगावरचे हे किलोमीटर ज्यांनी काढून नेले त्यांत नद्या पहिल्या, आणि तारोकोत ही कामगिरी लीवू नदीकडे आहे.

लीवू काही मोठी नदी नाही. तिची लांबी साठ किलोमीटरही भरत नाही. पण उतार भयंकर आहे, आणि दर वर्षी येणारी टायफून वादळं तिच्या खोऱ्यात पाऊस अक्षरशः ओततात. एरवी ती राखाडी-निळसर, दुधाळ दिसते. हा रंग पाण्यात तरंगणाऱ्या दगडाच्या पिठाचा आहे.

हा दगड म्हणजे संगमरवर. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात चुनखडी साचली. नंतर ती खोल गाडली गेली, तापली, दाबली गेली आणि तिचे स्फटिक नव्याने घडून संगमरवर झाला. मूळ समुद्रातले जीव या उलथापालथीत बहुतेक पुसले गेले, तरी तैवानच्या संगमरवरात त्या काळातल्या एकपेशीय जीवांचे अवशेष ओळखता आले आहेत. रस्त्याने जाताना आसपासचा खडक अधूनमधून बदलतो आणि त्याबरोबर घळीचं रूपही बदलतं. हे गाडीतूनही दिसतं, फक्त चालवणाऱ्याने बघू नये. जिथे शिस्ट आहे, म्हणजे पापुद्र्यांनी बनलेला रूपांतरित खडक, तिथे उतार ढासळतात आणि दरी रुंद होते. जिथे संगमरवर आहे तिथे दोन्ही कडे सरळसोट उभे राहतात आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी उरते.

इथे एक गंमत आहे. संगमरवराचं खनिज कॅल्साइट तसं मऊ असतं. कठीणपणाच्या दहापैकी मापात त्याला तीन गुण मिळतात. तरी कडे उभे राहतात, कारण डोंगराची ताकद दाण्याच्या कठीणपणावर ठरत नाही, ती भेगांवर ठरते. तारोकोचा संगमरवर जाड, एकसंध आहे आणि त्यात भेगा लांब लांब अंतरावर आहेत. मोठा तुकडा सुटायला त्याला सहज वाट मिळत नाही. नदीला मात्र तुकडे सुटण्याची गरज नसते. वरच्या भागातल्या शिस्ट आणि नाइससारख्या खडकांतून तिला क्वार्ट्झची वाळू मिळते, जिचा कठीणपणा सात आहे. ही वाळू घेऊन वाहणारं पाणी म्हणजे संगमरवरावर सतत फिरणारा पॉलिश पेपर. म्हणूनच भिंती खालच्या बाजूला गुळगुळीत, वाटीसारख्या खळग्यांनी भरलेल्या दिसतात आणि वरच्या बाजूला कोरड्या, ताठ.

नदी खडक नेमकी कशी कापते हे मोजण्यासाठी लीवूइतकी सोयीची नदी थोड्याच सापडतील, कारण बहुतेक नद्यांत संशोधकाच्या आयुष्यात मोजण्यासारखं काही घडतच नाही. इथे तियानशियांगच्या अलीकडे, लुशुईजवळ, पात्रातल्या उघड्या खडकाची उंची मिलिमीटरहूनही बारीक अचूकतेने पुन्हा पुन्हा मोजली गेली. योगायोगाने मधेच, ऑगस्ट २००० मध्ये, बिलिस हे महाटायफून आलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी एक सोयीस्कर समजूत मोडली. घळ मोठ्या पुरांनीच खोल होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तळ खाली नेण्याचं काम वारंवार येणाऱ्या मध्यम प्रवाहांनी केलं, तर महापुराची झीज पात्राच्या वरच्या अंगाला, भिंतींवर जास्त दिसली. शिवाय तळाशी गडगडणारे धोंडे जितके महत्त्वाचे, तितकीच पाण्यात तरंगत जाणारी वाळूही महत्त्वाची ठरली. मला यातलं पहिलं निरीक्षण फार मोलाचं वाटतं. पुढे ते लागेलच.

अख्ख्या बेटाचा हिशेब आणखी चक्रावून टाकतो. १९७० ते १९९९ या काळातल्या मोजणीनुसार तैवानच्या नद्या वर्षाला सरासरी ३८ कोटी टनांहून अधिक गाळ समुद्रात नेत होत्या. पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम चार हजारावा भाग असलेलं हे बेट, जगातल्या नद्या समुद्राला देतात त्या गाळापैकी जवळजवळ दोन टक्के देतं. या गाळासोबत झाडापाल्याचं आणि मातीचं कार्बनही जातं. लीवूवरच्याच एका अभ्यासात दिसलं की जंगल आणि मातीतून नदीत येणाऱ्या या कार्बनपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त हिस्सा वादळांनी आणलेल्या पुरांत वाहून जातो. तो समुद्रतळाशी पटकन गाडला गेला, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा तेवढा भाग दीर्घकाळ अडकून पडतो.

तियानशियांगच्या थोडं वर वेनशानचे गरम पाण्याचे झरे आहेत. अशा झऱ्यांना लोक लगेच ज्वालामुखीशी जोडतात, पण इथे त्याची गरज नाही. खडक इतक्या झपाट्याने वर येतो की खोलवरची उष्णता सोबत येते, ती पूर्ण निवायच्या आत. भेगांतून खाली उतरलेलं पावसाचं पाणी हा गरम खडक गाठतं आणि तापून वर येतं.

अशा जागी रस्ता काढायचा म्हणजे काय, याचा अंदाज आधीच्या वाटांवरून येतो. ही भूमी त्रुकू लोकांची. त्यांची वस्ती आणि शिकारीच्या वाटा डोंगरउतारावर वरच्या अंगाला असत, घळीच्या तळाशी नव्हेत. ज्याला अशा ठिकाणी राहायचं आहे त्याने हेच करावं, असं दरडींचा नकाशा पाहूनही वाटतं. १९१४ मध्ये, तेव्हा तैवानवर राज्य करणाऱ्या जपानी सत्तेने त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम काढली. त्यानंतर पोलिसांच्या वापरासाठी रुंद केलेली झुईलूची वाट आजही नदीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर कड्यात कोरलेली दिसते.

मोटारींचा रस्ता १९५६ ते १९६० या काळात झाला. बेट आरपार ओलांडणारा हा मार्ग प्रामुख्याने निवृत्त सैनिकांनी, सुरुंग आणि हातोड्या-पहारींच्या बळावर खोदला. त्यात २०० हून अधिक जण दगावले. त्यांच्यासाठी बांधलेलं ‘चिरवसंत’ स्मारक एका धबधब्यावर उभं आहे. दरडींनी ते एकाहून अधिक वेळा पाडलं आणि ते पुन्हा उभारण्यात आलं. राष्ट्रीय उद्यान खूप नंतरचं, १९८६ चं. म्हणजे इथे रस्ता आधी आला आणि संरक्षण मागून.

घळीतली सर्वांत गाजलेली जागा पाकोळ्यांची. संगमरवराच्या उभ्या भिंतीला नदीने आणि भूजलाने पाडलेली भोकं आहेत आणि त्यांच्या आसपास पाकोळ्या घिरट्या घालतात. इथला जुना रस्ता पर्यटकांसाठी राखून मुख्य वाहतूक नव्या बोगद्यांतून वळवली गेली आणि पायी फिरणाऱ्यांना हेल्मेटं फुकट मिळू लागली. हेल्मेट छोट्या दगडांपुरतं असतं, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. इथल्या अभियंत्यांचं खरं शस्त्र म्हणजे रस्ता उघड्या कड्यावरून काढून डोंगराच्या पोटात नेणं. त्यात दृश्य जातं, आणि दृश्यासाठीच तर लोक येतात.

३ एप्रिल २०२४ रोजी सकाळी ७ वाजून ५८ मिनिटांनी हुआलियनजवळ ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. १९९९ नंतरचा तैवानमधला हा सर्वांत मोठा भूकंप. दुसऱ्या दिवसापासून छिंगमिंगची, पूर्वजांच्या स्मरणाची, सलग सुट्टी सुरू होणार होती. धक्का एक दिवस उशिरा बसता, तर घळीतला रस्ता गाड्यांनी भरलेला असता. तरीही मृतांपैकी अनेक जण उद्यानाच्या परिसरात दरडींखाली सापडले, आणि शेकडो पर्यटक व हॉटेल कर्मचारी रस्ता तुटल्याने आत अडकले.

भूकंपात कडे इतके का कोसळतात? धक्क्याच्या लाटा वर चढताना डोंगराच्या धारेशी एकवटतात, त्यामुळे तळापेक्षा धार अधिक जोरात हलते. एरवी पावसाने सुटणाऱ्या दरडी उताराच्या खालच्या भागातही निघतात. भूकंपाच्या दरडी मात्र वरून, कड्याच्या डोक्यावरून सुटण्याचं प्रमाण मोठं असतं. आणि जे पडत नाही तेही पूर्वीसारखं राहत नाही. भेगा उघडतात, पकड ढिली होते, आणि आधी ज्या पावसात काही झालं नसतं त्याच पावसात आता दरड येते. १९९९ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपानंतर मध्य तैवानच्या नद्यांत गाळाचं प्रमाण काही वर्षं चढं राहिलं, मग हळूहळू पूर्वपदावर आलं. याच महामार्गाचा पश्चिमेकडचा तुकडा त्या भूकंपात उद्ध्वस्त झाला. दुरुस्तीनंतर २००४ च्या पुराने तो पुन्हा मोडला, आणि सर्वसाधारण वाहतुकीसाठी तो पूर्वीसारखा कधीच खुला झाला नाही.

तारोकोतही तीच साखळी सुरू आहे. एप्रिलचा भूकंप, मग त्याच वर्षी टायफूनांचा पाऊस, आणि सुटलेला मलबा उतारांवरून पात्रात. उद्यानाचा मोठा भाग बंद करावा लागला. दुरुस्ती वर्षांच्या हिशेबात मोजली जाते आहे आणि वाहतूक ठरावीक वेळा पाळून, हवामान पाहून सोडली जाते. तिथे जायचा बेत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची स्थिती तपासणं हाच खरा नियम. आदल्या रात्रीची माहिती पुरत नाही.

नदीसाठी मात्र हा मलबा वेगळंच काही ठरवतो. तिला कापण्यासाठी वाळू-गोटे हवेत, पण ते फार झाले की पात्राच्या तळावर जाड थर बसतो आणि खालचा खडक झाकला जातो. झाकलेला तळ झिजत नाही. पाण्याची पातळी वर येते आणि घासण्याचं काम दोन्ही भिंतींवर सरकतं. लुशुईजवळच्या मोजणीत महापुराने भिंती जास्त झिजवल्या, त्याच्याशी हे जुळतं. नदी हा भराव समुद्रापर्यंत नेऊन टाकेपर्यंत घळ खोल होण्याऐवजी ठिकठिकाणी रुंद होत जाण्याची शक्यता आहे. नव्या रस्त्याचा आराखडा करताना अभियंत्यांना वरून पडणाऱ्या दगडांइतकाच खालून वर येणाऱ्या पात्राचाही विचार करावा लागतो. पूल किती उंच ठेवायचा, बोगद्याचं तोंड कुठे काढायचं, हे आता वर आलेल्या पात्रावरून ठरवावं लागतं, आणि ते पात्र प्रत्येक टायफूननंतर पुन्हा मोजावं लागतं.