फॉरमॅट मारलं, तरी ट्रोजन परत का येतो?

बेळगावच्या खडेबाजारात असो, नाहीतर निपाणी-खानापूरच्या स्टँडजवळ, संगणक विचित्र वागायला लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असतं, ‘व्हायरस शिरलाय’, आणि उपायही एकच, ‘फॉरमॅट मारूया’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकूया. व्हायरस आणि ट्रोजन हे घातक प्रोग्रामचे दोन वेगळे प्रकार आहेत. ते येतात वेगळ्या वाटांनी, नुकसान वेगळं करतात, आणि त्यांना काढायची रीतही वेगळी आहे. हा फरक ध्यानात न आल्यामुळे दुरुस्तीचे पैसे देऊनही लोकांची खाती लुटली जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

व्हायरस स्वतःच्या प्रती काढतो. १९८६ साली लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात) बसायचा आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर जायचा. पुढे ‘सॅलिटी’सारखे व्हायरस आले. ते मशीनमधल्या चांगल्या ईएक्सई फायलींमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या फायलींमध्ये, आपला कोड घुसवतात. अशी एक फाइल चालवली की शेजारच्या दहा बाधतात. (पेन ड्राइव्हमधले फोल्डर लपवून त्यांचे शॉर्टकट करणारा जो प्रकार झेरॉक्सच्या दुकानांतून घरोघरी पोचला, तो काटेकोरपणे पाहिलं तर वर्म आहे, म्हणजे दुसऱ्या फाइलीत न घुसता स्वतःच पसरणारा प्रोग्राम.)

ट्रोजन प्रती काढत नाही. कामाची वस्तू समजून त्याला आपणच आत घेतो. १९८९ साली एड्सची माहिती देणारी म्हणून एक फ्लॉपी टपालाने लोकांना पाठवली गेली. लोकांनी ती विश्वासाने चालवली. मशीन साधारण नव्वद वेळा सुरू होईपर्यंत ती गप्प राहिली, मग फायलींची नावं गूढ करून पनामातल्या पत्त्यावर पैसे मागू लागली. आजचा ट्रोजन याच पद्धतीने येतो, फक्त टपालाच्या जागी डाउनलोड आहे.

आपल्या सीमाभागात त्याला एक खास वाट मिळते. इथल्या डीटीपीवाल्याला सकाळी कन्नड लग्नपत्रिका, दुपारी मराठी वास्तुशांतीचं कार्ड करायचं असतं. दोन लिप्यांचे फाँट, महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर, सगळं हवं. मग ‘फुल व्हर्जन क्रॅकसह’, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं फुकटचं सॉफ्टवेअर, शोधलं जातं. त्या सेटअपसोबतच्या सूचनांमध्ये बहुधा एक ओळ असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. ही ओळ दिसली की तिथेच थांबावं. साधं टायपिंग करायला यातलं काहीच लागत नाही. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड मुळातच आहेत, आणि कन्नड टायपिंगचं ‘नुडी’ सॉफ्टवेअरही फुकट मिळतं.

ओळखायचं कसं? व्हायरस गडबड करतो : एकाच वेळी अनेक प्रोग्राम बिघडतात, स्कॅनमध्ये ढीगभर ईएक्सई फायली सापडतात. ट्रोजनचा सगळा फायदा गप्प राहण्यात असतो. नुसतं मशीन संथ झालं म्हणजे ट्रोजन, असं मुळीच नाही. जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम हे कारण जास्त वेळा निघतं. खरी खूण म्हणजे विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद झालेली असणं, तिच्या ‘एक्स्क्लूजन’ (तपासणीतून वगळायच्या) यादीत अख्खा सी ड्राइव्ह कुणीतरी टाकून ठेवलेला असणं, टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत, अनोळखी नाव दिसणं, किंवा आपल्या ईमेलमध्ये भलत्याच गावाहून लॉगिन झाल्याची सूचना येणं. विंडोज सिक्युरिटीतल्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त सापडलेल्या वस्तूचं पूर्ण नाव वाचा. सुरुवातीलाच ‘व्हायरस’ की ‘ट्रोजन’ ते लिहिलेलं असतं.

काढताना आधी इंटरनेट तोडा. ती एक्स्क्लूजन यादी रिकामी करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्याला प्रतिकार करायला वाव राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर फुल स्कॅन.

व्हायरस असेल तर साफ झालेल्या ईएक्सई फायलींवरही भरवसा ठेवू नका. ते प्रोग्राम मूळ जागेवरून नव्याने घ्या. फोटो सहसा वाचतात.

ट्रोजनची फाइल उडवणं त्यापेक्षा सोपं, पण तिने बाहेर पाठवलेलं परत येत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन आधीच गेलेले असू शकतात. फॉरमॅटने यातलं काहीच भरून निघत नाही. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला : प्रथम ईमेल, मग बँक. प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मशीनचं नंतर बघता येईल.

कुणी दुरून आपलं मशीन चालवत असल्याचा संशय असेल, तर मात्र विंडोज नव्यानेच टाकावं, तेही दुसऱ्या संगणकावर बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून. दुकानात बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो. डी ड्राइव्हमधलं ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर तसंच राहतं, आणि संध्याकाळी त्याच सेटअपवरून सगळं पुन्हा बसवलं जातं. मशीन दुरुस्तीला देतानाच सांगा, ते फोल्डर पुसायचं आहे, आणि ते आपल्यासमोर पुसून घ्या.