बाई उभी आहे म्हणून मत द्यायचं का? अमेरिकेतल्या दीडशे वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

२०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीवरून अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांमध्ये दोन तट पडले. गर्भपाताचा हक्क वाचवायचा तर हॅरिसना मत द्यायलाच हवं, असं एकींचं म्हणणं. गाझावर पडणारे बॉम्ब ज्या सरकारने इस्रायलला पुरवले, त्या सरकारची उपाध्यक्ष केवळ बाई आहे म्हणून आपली कशी, हा दुसरींचा सवाल. दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं चळवळीत काम केलेल्या बायका होत्या. असा पेच तिथे पहिल्यांदा पडला तो १८७२ मध्ये, अध्यक्षपदाला पहिली स्त्री उभी राहिली तेव्हा.

ती स्त्री म्हणजे व्हिक्टोरिया वुडहल. बहिणीच्या जोडीने वॉल स्ट्रीटवर दलालीची पेढी काढणारी, साप्ताहिक चालवणारी, लग्नसंस्थेवर उघड टीका करणारी. अध्यक्षपदाला लागणारी ३५ वर्षंही पुरी झालेली नव्हती आणि बायकांना मताचा अधिकार तर नव्हताच. मताधिकार चळवळीच्या नेत्या सुसान बी. अँथनी यांना आधी तिचं कौतुक होतं. पण मे महिन्यात न्यूयॉर्कच्या अधिवेशनात वुडहल सगळी संघटनाच आपल्या नव्या पक्षाकडे ओढू लागली, तेव्हा अँथनींनी सभागृहातले दिवे मालवायला लावून सभा संपवली. रिपब्लिकन पक्षाने त्या वर्षी जाहीरनाम्यात स्त्रियांच्या मागण्यांचा आदराने विचार व्हावा, अशी एक मोघम ओळ घातली होती. अँथनींनी त्या ओळीवर भिस्त ठेवली. ५ नोव्हेंबरला रॉचेस्टरमध्ये कायद्याला आव्हान देत त्यांनी मत टाकलं, ते वुडहलला नाही, तेव्हाचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या रिपब्लिकन पक्षाला.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. बेकायदा मतदानासाठी अँथनींना अटक झाली. जून १८७३ मध्ये खटला चालला तो वॉर्ड हंट यांच्यापुढे, आणि हंट यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं होतं ग्रँट यांनीच. हंटनी ज्यूरीला विचारविनिमयही करू दिला नाही. अँथनींना दोषी ठरवून १०० डॉलरचा दंड केला. तो त्यांनी कधीच भरला नाही. जाहीरनाम्यातल्या ओळीतून तर काहीच निष्पन्न झालं नाही. व्यवहार पाहून मत दिलं की निदान काहीतरी पदरात पडतं, हा समज पहिल्याच खेपेला खोटा ठरला होता.

१८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बेल्वा लॉकवूड उभ्या राहिल्या. वुडहलसारखी बदनामी त्यांच्या मागे नव्हती. तरीही अँथनी आणि त्यांच्या चळवळीतल्या सहकारी एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी पाठिंबा दिला तो रिपब्लिकन जेम्स ब्लेन यांना, आणि ते हरले. आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण घेत होत्या. चार वर्षांनी, १८८८ मध्ये, अँथनी-स्टँटन यांच्याच संघटनेने वॉशिंग्टनला भरवलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत पंडिता रमाबाई बोलल्या. अमेरिकन बायकांच्या संघटनशक्तीविषयी त्यांनी मायदेशी परतल्यावर मराठीत भरभरून लिहिलं.

या हिशेबीपणाचं मूळ तिथल्या निवडणूक पद्धतीत आहे. जवळजवळ सर्व राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, मिळतात. देशभरात अशी मतं ५३८, जिंकायला हवीत २७०. तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत बहुधा वायाच जातं, आणि लढत अटीतटीची असेल तर नावडत्याच्या पथ्यावर पडतं. २००० मध्ये फ्लोरिडाचा आणि त्यासोबत अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. इतक्या थोड्या फरकात तिसऱ्याला गेलेली मतंही निकाल फिरवू शकतात. ती धास्ती अजून गेलेली नाही. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, मात्र मनासारखं मत द्यायला वाव असतो. म्हणून विसाव्या शतकातली खरी जुंपली ती प्रायमरीत.

१९७२ मध्ये शर्ली चिझम डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उतरल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून निवडून गेलेल्या, काँग्रेसमधल्या म्हणजे अमेरिकी संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. आपण केवळ काळ्यांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या उमेदवार नाही, हे त्यांनी पहिल्याच भाषणात स्पष्ट केलं होतं. आदल्याच वर्षी त्यांनी बेला अॅबझग, ग्लोरिया स्टायनेम, बेटी फ्रिडन या स्त्रीवादी नेत्यांसह महिलांचं राजकीय व्यासपीठ उभं केलं होतं. साहजिकच या मैत्रिणी पाठीशी उभ्या राहतील अशी अपेक्षा होती. फ्रिडन राहिल्या. अॅबझग यांचा कल त्याच शर्यतीतल्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे गेला. स्टायनेम चिझमच्या बाजूने, उमेदवार निवडणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून उभ्या राहिल्या, पण गोऱ्या पुरुष उमेदवारांत मॅकगव्हर्न सर्वांत चांगले असंही म्हणत राहिल्या. चिझमना हे लागलं, आणि माझ्या मते ते लागण्यासारखंच होतं. विरोध पत्करता येतो. अर्धा पाठिंबा दिलेला माणूस मात्र कुणाच्याच कामाचा राहत नाही.

मॅकगव्हर्न यांच्याकडे गेलेल्यांचा हिशेब चुकला कसा, तेही मायामी बीचच्या अधिवेशनात दिसलं. साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधींत बायका फार कमी आहेत, हा आक्षेप महिलांनी मांडला तेव्हा मॅकगव्हर्न गटाने आधी साथ देण्याचं कबूल केलं. नंतर कॅलिफोर्नियाचे आपले प्रतिनिधी धोक्यात येतील या भीतीने ऐन मतदानात मतं काढून घेतली. गर्भपाताच्या हक्काचा ठरावही त्याच गटाच्या विरोधामुळे पडला. चिझमना दीडशेच्या आसपास प्रतिनिधींची मतं मिळाली. उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

हिलरी क्लिंटन यांच्या वेळी प्रश्न उलटा झाला, कारण आता बाई जिंकण्याची शक्यता होती. २००८ मध्ये राष्ट्रीय महिला संघटना त्यांच्या बाजूला होती. गर्भपात हक्कासाठी लढणाऱ्या नॅरल या संघटनेने मात्र मे महिन्यात प्रायमरीतले त्यांचे प्रतिस्पर्धी बराक ओबामांना पाठिंबा दिला आणि तिच्यावर जुन्या सभासदांचा संताप कोसळला. अनेकींना क्लिंटन नको होत्या त्या ऑक्टोबर २००२ मधल्या मतामुळे. इराक युद्धाचा अधिकार अध्यक्ष बुशना देण्याच्या बाजूने त्यांनी सिनेटमध्ये मत दिलं होतं. युद्धाला विरोध हा स्त्रीवादाचाच भाग मानणाऱ्या बायकांनी ते विसरायचं कशासाठी?

२०१६ मध्ये वाद पिढ्यांवर आला. माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट क्लिंटन यांच्या सभेत म्हणाल्या की, एकमेकींना मदत न करणाऱ्या बायकांसाठी नरकात खास जागा असते. स्टायनेम यांनी तरुण मुली प्रायमरीतले क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्याकडे जातात कारण मुलं तिकडे आहेत, असं सुचवलं. दोघींनाही दिलगिरी व्यक्त करावी लागली. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत तरुणींनी प्रचंड बहुमताने सँडर्सना मत दिलं. त्या मुली फीचं कर्ज, आजारपणाचा खर्च, पगार यांचा विचार करत होत्या. तोही बायकांचाच प्रश्न आहे, हे ज्येष्ठांनी आधी ओळखायला हवं होतं.

पण नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल मी तितक्याच ठामपणे दुसरी बाजू घेईन. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाची एक जागा फेब्रुवारीपासून रिकामी होती आणि ती नवा अध्यक्ष भरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. इथे सौदा मोघम नव्हता. मतदानाच्या दिवशी रॉचेस्टरला अँथनींच्या समाधीवर मत दिल्याचे स्टिकर लावायला बायकांनी रांगा लावल्या. एकूण मतांत क्लिंटन जवळजवळ २९ लाखांनी पुढे राहूनही हरल्या. ट्रम्प यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण गेलं. डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत नाकारण्याची किंमत काय असू शकते, हे तेव्हा समोर आलं.

म्हणूनच २०२४ मध्ये हॅरिसच्या बाजूच्या बायका इतक्या कळकळीने बोलत होत्या. गाझासाठी प्रायमरीत निषेधाचं मत मागणाऱ्या गटाने शेवटी हॅरिसना पाठिंबा नाकारला, पण ट्रम्पनाही विरोध केला. निकालात एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात बसणारी नव्हती. मिझुरी, अॅरिझोना, माँटाना आणि नेवाडा या चारही राज्यांत ट्रम्प जिंकले, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी गर्भपाताच्या हक्काचे प्रस्ताव मंजूर केले.