सौर प्रकल्पाचे कामगिरी गुणोत्तर

ग्रिडला वीज पुरवणाऱ्या मोठ्या सौर प्रकल्पाने त्याच्यावर पडलेल्या उन्हाच्या मानाने किती वीज दिली, हे सांगणारे माप. प्रकल्पाची ओळख सहसा मेगावॅटमधील क्षमतेने करून दिली जाते. पण ती क्षमता प्रयोगशाळेतली असते. दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशा स्थितीत ती मोजतात. प्रत्यक्षात भर उन्हात सेल ५०-६० अंशांपर्यंत तापतात आणि स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती दर जादा अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. कडक उन्हाळ्यात सर्वाधिक वीज मिळते, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

समजा, १०० मेगावॅटच्या पॅनेलांवर एका दिवसात दर चौरस मीटरला ५.५ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा पडली, म्हणजे १००० वॅटचे ऊन साडेपाच तास मिळाल्यासारखे झाले. काहीच तोटा नसता तर साडेपाच लाख युनिट वीज मिळाली असती. मीटरवर ४ लाख ४० हजार युनिट भरले, तर गुणोत्तर ८० टक्के. त्याच दिवसाचा क्षमता वापर गुणांक, म्हणजे ‘सीयूएफ’, मात्र १८ टक्क्यांच्या आसपास येतो; त्यात मिळालेल्या विजेची तुलना चोवीस तास पूर्ण क्षमतेने मिळाली असती त्या विजेशी होते, म्हणजे रात्रीचे तासही धरलेले असतात. शिवाय सीयूएफमध्ये जागेचे ऊन आणि प्रकल्पाचा दर्जा यांची सरमिसळ होते, त्यामुळे ढगाळ प्रदेशातल्या उत्तम प्रकल्पावर अन्याय होतो.

चांगल्या प्रकल्पाचे गुणोत्तर साधारण ७५ ते ८५ टक्के असते. उरलेली तूट उष्णता, धूळ, सावली, केबल, इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर यांत जाते. यांपैकी धूळ सर्वांत फसवी. ऊन मोजणारा पायरॅनोमीटरच धुळीने माखला, तर ऊन कमी नोंदले जाते आणि मळलेल्या प्रकल्पाचे गुणोत्तर उत्तम दिसते. या उपकरणाची सफाई पॅनेलांच्या सफाईपेक्षाही काटेकोर हवी.

पॅनेलांची शक्ती दरवर्षी अंदाजे अर्ध्या टक्क्याने उतरते. कॅलिफोर्नियातील कॅरिझो मैदानावर आर्को सोलर कंपनीने १९८० च्या दशकात उभारलेल्या प्रकल्पात ही घसरण फार वेगाने झाली. जादा प्रकाशासाठी तिथे पॅनेलांशेजारी आरसे लावले होते. त्या प्रकाशाने आणि उष्णतेने सेलवरचा ईव्हीए प्लॅस्टिकचा थर तपकिरी पडला. १९९० च्या दशकात प्रकल्प मोडीत निघाला.

थंड हवेत गुणोत्तर आपोआप चढे दिसते. त्यामुळे दोन ठिकाणांची तुलना तापमानाची दुरुस्ती करूनच करावी. मोजणीची पद्धत आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) या संस्थेच्या ६१७२४ क्रमांकाच्या मानकात दिली आहे.